इको थीमचे अडीच लाख राहू दे, आधी यादी कमी कर

प्रश्न : ताई, मी नाशिकला सिडकोत राहते, शाळेत शिकवते. फेब्रुवारी २०२७ मध्ये लग्न करायचं चाललंय. मुलगा सिन्नरचा, तिथेच एमआयडीसीत नोकरीला आहे. आम्ही दोघांनी साठवलेले मिळून सहा लाख आहेत आणि त्यातच सगळं बसवायचं, दोन्ही घरांना कर्ज काढू द्यायचं नाही असं ठरवलंय. कचरा कमी व्हावा, वस्तू इथल्याच असाव्यात, जुन्या वळणाचं लग्न व्हावं अशी खूप इच्छा आहे. एका इव्हेंटवाल्याने ‘इको व्हिंटेज थीम’ म्हणून नुसत्या डेकोरेशनचे अडीच लाख सांगितले. सासरची यादी ६००ची, आमची २५०ची. केटरर ताटाला ४५० म्हणतोय. आजीची पैठणी नेसायचीय पण ती नऊवारी आहे, कापून सहावारी करू का? आणि आई म्हणते साधा मांडव, स्टीलची ताटं बघून लोक नावं ठेवतील. काय करू?

उत्तर : अगं, पहिलं काम म्हणजे त्या इव्हेंटवाल्याला नाही म्हणून कळव. अडीच लाखात काय येतं ते मी बघितलंय, जुन्यासारखे दिसणारे नवे कंदील, गोणपाट गुंडाळलेल्या बाटल्या, फायबरचं बैलगाडीचं चाक, वरून लटकवलेली कागदी फुलं, हे सगळं टेम्पोने येतं, रात्रभर ठोकाठोक करून उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं बरंचसं मांडवामागच्या ढिगात पडलेलं असतं. तुझ्या आजीची पैठणी घरात आहे, दोन्ही घरांत माळ्यावर पितळेची भांडी असणार, सिन्नरकडे कोणाकडे तरी शिसवी पाट-चौरंग असणार. खरं जुनं घरात असताना जुन्याची नक्कल भाड्याने कशाला आणायची?

आता खरा प्रश्न, जो तू पत्रात मधेच एका ओळीत उरकलाय. यादी. ६०० आणि २५० म्हणजे ८५० ताटं, ४५०ने गुणलं की ३,८२,५०० रुपये, म्हणजे तुमच्या सहा लाखांतले पावणेचार लाखांच्या वर फक्त एका जेवणात गेले आणि अजून हॉल, कपडे, मंगळसूत्र, फोटो, गुरुजी काहीच आलेलं नाही. तीच यादी ३५०वर आली तर १,५७,५०० होतात. सव्वादोन लाख तिथेच वाचले, आणि कचऱ्याचं म्हणशील तर ५०० माणसांचं उष्टं, ५०० माणसांच्या पाण्याच्या बाटल्या, शंभरेक गाड्यांचं पेट्रोल, हे सगळं झालंच नाही. पर्यावरणपूरक लग्न म्हणजे माझ्या मते सगळ्यात आधी हेच आहे, बाकी बांबूचे चमचे वगैरे नंतर. मोठी यादी तशीच ठेवून नुसतं मातीच्या कुल्हडात चहा दिला तर त्याने फार काही साधत नाही.

सासरच्या ६००ना हात लावायचा म्हणजे अवघड आहे हे कळतंय मला. सिन्नरसारख्या ठिकाणी भावकी, आळी, मळ्याशेजारचे, एमआयडीसीतले, सगळे एकमेकांच्या लग्नात जेवलेले असतात, त्यांना बोलावलं नाही तर सासू-सासऱ्यांना गावात तोंड दाखवायची पंचाईत. म्हणून त्यांना ‘कमी करा’ एवढंच सांगून चालणार नाही, बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. माझं म्हणणं, लग्नानंतरचा सत्यनारायण तसाही घालायचाच असतो, तो सिन्नरला घरी घाला आणि गावातली उरलेली मंडळी त्या दिवशी संध्याकाळी तीर्थप्रसादाला बोलवा. शिरा, सोबत चिवडा आणि चहा. सुनेला बघायला सगळे येतील, दहा मिनिटं बसतील, बोलतील, मान राहील आणि ताटाऐवजी पळसाचा एक द्रोण लागेल. लग्नाच्या गर्दीत नाहीतरी नवरा-नवरीशी कोण बोलतं, स्टेजवर चढायचं, फोटो काढायचा, उतरायचं. आणि हे सासूबाईंशी बोलायचं काम तुझं नाही, त्याचं आहे. त्याने आधी आई-वडिलांशी एकट्याने बोलावं, मग तुम्ही दोघं मिळून जा.

तारखेचं. २०२७ म्हणजे सिंहस्थाचं, आपल्या नाशिकच्या कुंभमेळ्याचं वर्ष. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आहे आणि मोठी अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे फेब्रुवारी तसा मधल्या काळात येतो, पण तरी पंचवटी, त्र्यंबक रोड या बाजूला हॉल घेताना रस्त्याचं काम चालू आहे का, पार्किंग कुठे, हे जाऊन बघ. आणि दुसरं म्हणजे काही घरांत सिंहस्थात लग्न करत नाहीत. तुमच्याकडे किंवा त्यांच्याकडे कोणी मोठं माणूस हा मुद्दा नक्की काढणार, तेव्हा हॉलला ॲडव्हान्स द्यायच्या आधी दोन्हीकडच्या गुरुजींना विचारून घ्या, नंतर वाद नको. वार मधला मिळाला, बुधवार-गुरुवार, तर कार्यालयवाले भाव करायला तयार होतात. आणि मुहूर्त सकाळचा किंवा दुपारचा घे, ही माझी कळकळीची विनंती आहे. गोरज मुहूर्त दिसायला छान, पण मग लायटिंग आलं, जनरेटर आला, डिझेल आलं, रात्रीच्या जेवणाचा वेगळा थाट आला. फेब्रुवारीत नाशिकला सकाळची हवा इतकी सुरेख असते की साडेअकराचं लग्न मोकळ्या मांडवात पंख्याशिवाय होतं.

जागा कुठली? गंगापूर रोडची लॉन्स, धरणाकडची वायनरीवाली ठिकाणं तुमच्या बजेटला परवडणारी नाहीत, त्यावर वेळ घालवू नको. सिन्नरला त्यांच्या मळ्यात करायचं मनात आलं असेल तर विचार कर, पण पूर्ण हिशोब घालून. मळ्यात जागा फुकट असते, पण ३५० माणसांना संडास लागतात, पाण्याचा टँकर लागतो, म्हाताऱ्या माणसांना ढेकळांतून चालवत नाही, मांडव सगळा बाहेरून आणावा लागतो. मला विचारशील तर एखाद्या समाजाचं किंवा जुन्या वस्तीतलं मंगल कार्यालय बघ. या जुन्या कार्यालयांकडे स्वतःची पातेली, ताटं-वाट्या, सतरंज्या, पाट, समया असतात, आचारी असतो, पंगतीची जागा असते. लॉनवाल्याकडे यातलं काहीच नसतं, प्रत्येक गोष्ट भाड्याने येते. बुकिंगच्या वेळी एकच विचार, ‘तुमच्याकडे किती ताटांचा सेट आहे आणि धुवायला माणसं तुमची की आमची?’ उत्तर समाधानकारक आलं तर तिथेच अर्धं काम झालं.

जेवणावर जरा सविस्तर लिहिते कारण पैसा, कचरा आणि लोकांचं बोलणं, तिन्ही तिथेच असतं. मी पंगतीच्या बाजूची आहे. बुफेत माणूस रांगेत उभं राहून परत यावं लागू नये म्हणून एकदाच सगळं भरून घेतो आणि त्यातलं बरंच टाकून देतो, पंगतीत हवं तेवढं वाढता येतं. फक्त वाढप्यांना आधी नीट सांगून ठेवायचं की पहिली वाढ अर्धी आणि मग दोनदा फिरायचं, जिलेबीचा आग्रह एकदाच, लहान मुलांना निम्मं. आग्रह करायची हौस असलेले एक-दोन काका प्रत्येक घरात असतात, त्यांना दारात स्वागताला उभं कर. पदार्थ मोजके ठेव. वरण-भात-तूप-लिंबू, मसालेभात, वांगं-बटाट्याचा रस्सा, मटकीची उसळ, मेथी नाहीतर मटारची एखादी भाजी, पुरी, काकडीची कोशिंबीर, नागलीचे (नाचणीचे) पापड, मठ्ठा, जिलेबी. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे द्राक्षांचा ऐन हंगाम, तेव्हा शेवटी आईस्क्रीमच्या काउंटरऐवजी निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या ओळखीच्या बागायतदाराकडून थेट क्रेट आण, भरपूर पाण्यात दोनदा धुऊन घ्या आणि प्रत्येकाला एकेक घोस द्या. मुंबई-पुण्याचे पाहुणे त्यावरच खूश होतात. नागलीचे पापड पेठ, सुरगाणा भागातल्या बचत गटांच्या बायका करतात, कुरडया-पापड्या मिळतात त्यांच्याकडे, पैसे थेट त्या घरात जातात आणि चवीला तर विचारूच नको. चाट, चायनीज, पास्ता यांची लाइव्ह काउंटरं कापून टाक, तिथे सगळ्यात जास्त डिश लागतात.

ताटांचा वाद. स्टीलचं ताट सगळ्यात चांगलं, धुतलं की झालं, कचरा शून्य. पाणी लागतं हे खरं, पण तीन टब लावले, एकात खरकटं काढायचं, दुसऱ्यात घासायचं, तिसऱ्यात विसळायचं, तर नळ सतत चालू ठेवावा लागत नाही. पानावर जेवण वाढायची हौस असेल तर पळसाच्या पत्रावळी घे, पण दोन गोष्टी बघून. फेब्रुवारीत पळसाची पानं झडून झाडाला फुलं येतात, त्यामुळे ऐन वेळी माल मिळत नाही, ऑर्डर आधीच द्यायची. आणि बाजारात ज्या मशीनने दाबलेल्या गुळगुळीत पत्रावळी येतात त्यात बऱ्याचदा आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नखाने खरवडून बघ, थर निघाला तर ती पत्रावळ कुजणार नाही. कागदी कपांचंही तेच आहे. थर्माकोलची ताटं-वाट्या महाराष्ट्रात २०१८पासूनच बंद आहेत आणि १ जुलै २०२२पासून देशभर प्लास्टिकचे ग्लास, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल एवढंच कशाला, लग्नपत्रिकेवर आणि मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळतात ती प्लास्टिकची फिल्मसुद्धा बंद आहे. तरी केटरर आणतात. म्हणून त्याच्याशी जो कागद कराल त्यात लिहूनच घे की छोट्या पाण्याच्या बाटल्या नाहीत, प्लास्टिक नाही, पाणी जार आणि तांब्या-पेल्यातून. आणि ताटांची कमीत कमी गॅरंटी किती धरतोय, म्हणजे माणसं कमी आली तरी किती ताटांचे पैसे घेणार, तेही लिहून घे, कारण ३५० बोलावलेत म्हणून ३५०ची गॅरंटी देऊ नये, ३००ची द्यावी आणि पुढच्या पन्नासांची तयारी ठेवायला सांगावी.

उरलेलं अन्न. हे लग्नाच्या दिवशी चार वाजता ठरवायचं नसतं. जवळचं एखादं वसतिगृह, आश्रमशाळा, रात्र निवारा, जे असेल तिथे आठवडाभर आधी बोलून ठेव, किती लोक आहेत, किती वाजेपर्यंत घेतील, भांडी कोणाची. शिजलेलं अन्न गरम आणि झाकलेलं असताना दोन तासांत पोचलं पाहिजे, मठ्ठा-कोशिंबीर पाठवायची नाही. एका जबाबदार भावाला हे एकच काम दे आणि त्याला गाडीची किल्ली आधी देऊन ठेव.

आता पैठणी. कापू नकोस. अजिबात नाही. नऊवारी पैठणी एकदा कापली की ती परत नऊवारी होत नाही, आणि नऊवारीत तू जितकी सुंदर दिसशील तितकी कशातच दिसणार नाहीस, नेसवणारी एखादी मावशी-आत्या शोध म्हणजे झालं. पण आधी तिची तब्येत बघावी लागेल. जुनं रेशीम घडीवर चिरतं. पूर्ण उलगड, खिडकीच्या उजेडात धर, घडीच्या रेषेवर बारीक फटी दिसतात का बघ, पदराजवळ आणि काठाशी अगदी हलक्या हाताने ताणून बघ. कुठे विरायला किंवा सुटायला लागली असेल तर दिवसभर नेसून वावरायचा हट्ट करू नको, मंगलाष्टकांपुरती किंवा नंतर ओटी भरायच्या वेळी तासभर नेस, विधींना आणि होमापाशी मामाकडची पिवळी अष्टपुत्री असतेच. फारच विरली असेल तर शेल्यासारखी खांद्यावर घे. तेही मानाचंच आहे.

आणि दुरुस्ती करायची तर कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत किंवा ड्रायक्लीनरकडे देऊ नको. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथे घराघरात हातमाग आहेत, खरी पैठणी विणणारे विणकर जुन्या साडीकडे बघून सांगतात की कुठे रफू होईल आणि कुठे हात लावू नये. तिथे गेलीसच तर एक बघून ये, हातमागावरच्या पैठणीचा पदर मागच्या बाजूनेही पुढच्यासारखाच स्वच्छ असतो, धागे लोंबत नाहीत, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्यात अडकवून विणलेला असतो. ही खूण लक्षात ठेव म्हणजे मानपानाच्या साड्या घेताना ‘सेमी पैठणी’ आणि खरी यातला फरक कळेल. येवल्याच्या पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. तुझ्या आजीच्या साडीतली जरीची तार खऱ्या चांदीची असू शकते, तेव्हा घरात कोणी ‘मोडीत घाला, चांदीचे पैसे येतील’ म्हणालं तर कानावर घेऊ नको. नेसायच्या दिवशी जरीवर परफ्यूम-डिओ मारायचा नाही, आणि झाल्यावर हवेत मोकळी करून, सुती मलमलमध्ये, घडीची जागा बदलून ठेवायची. तुझी मुलगी नेसेल, सून नेसेल.

भांड्यांचं आणि सजावटीचं एकत्रच सांगते. दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाक की पितळी समया, घंगाळ, हंडे-कळशा, तांब्याची ताम्हणं, पाट, चौरंग, जुने कंदील, पानाचा डबा, जे असेल ते दोन दिवसांसाठी हवंय. बघ किती येतं. प्रत्येक वस्तूचा फोटो काढ, वस्तूला सुतळीने नावाची चिठ्ठी बांध आणि एका वहीत लिही, कारण आत्याची समई काकूंच्या घरी गेली की पुढची दहा वर्षं तोच विषय. चिंच-मिठाने घासली की पितळ असं झळकतं की दुसऱ्या कुठल्या सजावटीची गरज उरत नाही. दारात दोन मोठे हंडे, त्यात झेंडू-शेवंती, केळीचे खांब, शेणाने सारवलेल्या किंवा साध्या फरशीवर मोठी रांगोळी, बास. एक काळजी घे, तांब्या-पितळेच्या भांड्यात मठ्ठा, चिंचेची आमटी असं काही आंबट ठेवायचं असेल तर आतून कल्हई असलीच पाहिजे, नाहीतर पोटं बिघडतील, कल्हई नसलेली भांडी फक्त फुलांना आणि शोभेला. काही विकत घ्यावंसं वाटलंच तर जुन्या नाशकात भांडी बाजारात जा, आईला घेऊन जा, ठोक्याचं पितळ वजनावर मिळतं आणि उद्या मोडायची वेळ आली तरी त्याची किंमत येते, थर्माकोलच्या गणपतीची येत नाही.

फुलं इथलीच घे. गुलाबासाठी दिंडोरी तालुक्यातलं जानोरी-मोहाडी प्रसिद्ध आहे, पण १४ फेब्रुवारीच्या आसपास गुलाबाचे भाव भलतेच चढतात, तुमची तारीख त्या आठवड्यात पडली तर गुलाब फक्त हारापुरते आणि बाकी सगळा झेंडू. तोरणाला आंब्याचे डहाळे तोडू नका, फेब्रुवारीत आंबा मोहोरलेला असतो, एक डहाळी तोडली की तेवढी फळं गेली. आसोपालवाची पानं घ्या, देवाला म्हणून आंब्याची पाच पानं पुरतात. फुलवाल्याला सांग की फुलं खोचायला तो हिरवा स्पंज नको, तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही. वाळूने भरलेली मडकी किंवा बुरुडांकडच्या बांबूच्या परड्या वापरायच्या, परड्या नंतर कांदे-लसूण ठेवायला घरी जातील. दारातला फ्लेक्सही नको. पांढऱ्या मांजरपाटावर एखाद्या पेंटरकडून किंवा तुझ्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांकडून नावं रंगवून घे, तो कापडाचा बोर्ड सत्यनारायणाला सिन्नरला परत लावता येईल.

अंतरपाटासाठी नवीन प्रिंटेड कापड आणू नको, आजोबांचं उपरणं असेल तर बघ, त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं की झालं. आई-बाबांचे, आजी-आजोबांचे लग्नाचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो दाखवायचे असतील तर स्कॅन करून प्रिंट काढ, मूळ फोटो उन्हात लावून खराब करू नको. अक्षता वाटताना प्रत्येकाला मूठभर तांदूळ न देता चिमूटभर तांदूळ आणि बाकी झेंडूच्या पाकळ्या दे, शेवटी पायाखाली किलोच्या किलो तांदूळ तुडवले जातात ते बघवत नाही. सनई-चौघडा प्रत्यक्ष वाजवणारे बोलव, डीजे नको. पेपर ब्लास्ट नको, फटाके नको.

पत्रिका फोनवर पाठव, पण थोड्या छापून घे. घरच्या देवाला, गुरुजींना, आजी-मामांना आणि महत्त्वाचं म्हणजे लग्नाच्या नोंदणीला. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी १९९८च्या कायद्याने होते, तिथे तीन साक्षीदार लागतात, वयाचे-पत्त्याचे पुरावे लागतात, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते आणि पत्रिकाही मागतात. त्यामुळे गुरुजींना त्याच दिवशी फॉर्मवर सही करून मागायची, नंतर त्यांना शोधत फिरायला लागतं. पत्रिकेवर देवांचे फोटो छापू नको, नुसतं श्री पुरे. फोटोवाली पत्रिका कोणाला टाकवत नाही आणि मग ती गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, जाते.

गंगेवरून आठवलं. लग्न झालं की हार, मुंडावळ्या, हळदीचं सामान, कलशावरचा नारळ सगळं पिशवीत भरून रामकुंडावर सोडायला नेतात, आणि खूपदा पिशवीसकट. तुमच्याकडून हे होऊ देऊ नको. गोदावरीवर प्रेम आहे म्हणून सांगते. फुलं-पानं वेगळी काढून घरी कुंडीत किंवा मळ्यात खड्डा करून त्यात घालायची, सिन्नरला मळा असेल तर प्रश्नच नाही, दोरे-प्लास्टिक कापून सुक्या कचऱ्यात, नारळ वाटून खायचा. कार्यालयातला ओला-सुका कचरा वेगळा ठेवायला दोन मोठे पिंप आणि त्यांच्याजवळ एक माणूस उभा हवा, नुसत्या पाट्या लावून कोणी वाचत नाही. घंटागाडी रोजच्या वेळेला येते, तिला लग्नाचा कचरा झेपणार नाही, कार्यालयवाल्याला आधी विचार की तो कसा उचलला जातो.

सिन्नरहून माणसं येणार त्यांच्यासाठी एसटीची बस करा, प्रासंगिक करारावर डेपोतून मिळते. एका बसमध्ये कितीतरी गाड्यांचं काम होतं, म्हातारी माणसं आरामात येतात आणि सगळे एकाच वेळी निघत असल्यामुळे लग्न वेळेवर लागतं.

मानपान, आहेर. साड्यांचे ढीग एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, त्या कोणी नेसत नाही हे सगळ्यांना माहितीय. मानाच्या साड्या मोजक्या द्या, आई, आत्या, मावशी, मामी, पण चांगल्या सुती हातमागाच्या द्या. पाहुण्यांना रोपं वाटायची टूम आहे, ती मला पटत नाही, लोक एसटीने, रिक्षाने जाणार, ते रोप कुठे नेणार आणि कुठे लावणार, बरीचशी कार्यालयाच्या जिन्यातच सुकतात. त्यापेक्षा नाशिकचा चिवडा किंवा मनुका कापडी बटव्यात, बटवे घरातल्या जुन्या साड्यांचे, शिवायला शेजारच्या टेलरकाकूंना किंवा बचत गटाला.

आईचं काय करायचं ते शेवटी लिहितेय कारण ते मला सगळ्यात नाजूक वाटतं. आईला पर्यावरण कळत नाही असं नाहीये, तिला भीती आहे. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या लग्नात जेवून आली, आहेर घेऊन आली, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात कमी पडलो असं कोणी म्हणू नये एवढंच तिला वाटतंय. तिच्यासमोर प्लास्टिकबंदीचं भाषण करू नको. तिला ही आकडेमोड दाखव, कर्ज न काढता किती चांगलं होतंय ते दाखव, आणि तिला तिचा एक कोपरा पूर्ण दे, रुखवत म्हण, जेवणाची चव म्हण, पंगतीची व्यवस्था म्हण, त्यात तू लुडबुड करायची नाही. लोक ताट कशाचं होतं ते फार दिवस लक्षात ठेवत नाहीत, जेवण गरम होतं का, बसायला जागा मिळाली का, दारात कोणी ‘या’ म्हणालं का, एवढं मात्र बरोबर आठवतं त्यांना. साधं लग्न हे काही आजचं फॅड नाही हेही तिला सांग, फुल्यांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हापासून आपल्याकडे कमी खर्चाची लग्नं लागतायत.

तर या रविवारी दोघांनी बसून यादी करा, आधी प्रत्येकाने स्वतःची वेगळी, मग एकत्र. ज्याच्याशी गेल्या वर्षभरात एकदाही बोलणं झालं नाही त्याचं नाव सत्यनारायणाच्या यादीत टाका. सहा लाखांतले साठ हजार ऐनवेळच्या खर्चासाठी बाजूला काढून ठेवा, लग्नाच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. कार्यालय बघायला जाल तेव्हा आईला आणि सासूबाईंना बरोबर न्या, आणि त्या दोघींना स्वयंपाकघर दाखवा.